काळा वाडगा आधी उलटा करून बघा

घरात लोणच्याची जुनी बरणी असेल, वरून तपकिरी आणि खाली पिवळसर पांढरी, तर रिकामी झाल्यावर ती एकदा उलटी करा. बुडाला झिलई, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा वरचा थर, नाही. तिथं भाजलेली माती उघडी आहे आणि बोट फिरवलं की खरखरीत लागतं. अंगावरून मात्र नख नुसतं सरकतं. याला स्टोनवेअर म्हणतात. माठाची माती कमी आचेवर भाजतात, म्हणून माठ पाझरतो आणि पाणी गार राहतं. स्टोनवेअरची भट्टी साधारण १२०० अंश सेल्सिअसच्या पुढं जाते. तिथं मातीचे कण एकमेकांत वितळून घट्ट बसतात आणि भांडं दगडासारखं होतं.

चीनमध्ये सोंग काळात, म्हणजे इ.स. ९६० ते १२७९ या काळात, याच जातीच्या भांड्यांमधून चहाचे काळे वाडगे घडले. आज त्यांचे फोटो सगळीकडे फिरतात: काळ्याशार पृष्ठभागावर रुपेरी ठिपके, सशाच्या केसांसारख्या रेषा, क्वचित निळी झाक. नवखा माणूस त्या नक्षीला भुलतो. मीही भुललो होतो. पहिला वाडगा घेतला तो निळ्या-जांभळ्या चमकेसाठी. महिनाभर धुतल्यावर आतली चमक पुसट झाली आणि खाली साधी करडी झिलई उरली. चमक वरून चढवलेली होती. तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे: आधी चहा समजून घ्यायचा, मग बूड, मग काठ आणि नक्षी सगळ्यांत शेवटी. हा लेख त्याच क्रमानं लिहितो आहे.

वाडगा काळा का, हे आधी चहाला विचारा

सोंग काळातला चहा म्हणजे पानं गरम पाण्यात टाकून गाळणं नव्हे. पानं वाफवून, दाबून त्यांच्या वड्या करत. प्यायच्या वेळी वडी फोडायची, जात्यात बारीक दळायची, पूड चाळायची. मग तापलेल्या वाडग्यात ती पूड थोड्या पाण्यात खलून एकजीव करायची आणि वरून गरम पाणी ओतत घुसळायची. आपण ताक घुसळताना रवीकडे जितकं लक्ष देतो तितकंच लक्ष तिथं फेसाकडे असे. फेस पांढरा हवा, दाट हवा आणि वाडग्याच्या कडेला चिकटून राहायला हवा.

त्यावरून स्पर्धा लागत. फेस मागं सरून ज्याच्या वाडग्यात पाण्याची रेघ आधी दिसेल तो हरला. पांढऱ्या फेसाची कड आणि ती रेघ पांढऱ्या किंवा हिरव्या भांड्यात नीट दिसणार नाही. काळ्यात लगेच दिसते.

हे मी अंदाजानं सांगत नाही. अकराव्या शतकातला अधिकारी आणि सुलेखनकार त्साई श्यांग यानं चहावर एक छोटी नोंद लिहून ठेवली आहे. चहाचा रंग पांढरा, म्हणून काळा वाडगा योग्य, असं तो म्हणतो. च्येनआन भागातले वाडगे निळसर काळे असतात, त्यांच्यावर सशाच्या केसांसारख्या रेषा असतात, अंग जरा जाड असतं, त्यामुळे एकदा तापवले की लवकर निवत नाहीत, हेही त्यानं लिहिलं आहे. पुढं सम्राट हुईझोंगनं (कारकीर्द ११०० ते ११२६) चहावर स्वतः लिहिलं. त्यानंही गडद वाडगा आणि लांब, सलग केसरेषा श्रेष्ठ मानल्या.

त्साई श्यांगच्या ओळींत नवख्यासाठी सगळं आलं आहे: रंग, रेषा, जाडी, ऊब. यांतली जाडी आणि ऊब फोटोत दिसत नाही. ती हातालाच कळते.

हातात घ्या आणि उलटा करा

ज्यांच्याबद्दल त्साई श्यांग लिहितो ते वाडगे दक्षिण चीनच्या फुजियान प्रांतातले. च्येनयांगजवळच्या शुईजी गावाभोवतीच्या टेकड्यांवर त्यांच्या भट्ट्या होत्या. या भांड्यांना जियान भांडी म्हणतात (च्येनआनमधला ‘च्येन’ तो हाच) आणि वाडग्याला जियानझान. डोंगरउतारावर अजगरासारख्या पसरलेल्या या भट्ट्यांना तिकडं ड्रॅगन भट्टी म्हणतात. उत्खननात सापडलेली एक भट्टी १३५ मीटरहून लांब आहे. एका वेळी हजारो वाडगे त्यात भाजले जात, प्रत्येक वाडगा मातीच्या वेगळ्या डब्यात ठेवून, म्हणजे राख आणि ज्वाळा थेट लागू नयेत.

आता वाडगा उलटा करा. दुकानात असाल तर आधी परवानगी घ्या, दोन्ही हातांनी धरा आणि टेबलापासून फार उंच उचलू नका. सुरुवातीला एवढंच बघायचं आहे: माती, कापणी आणि झिलईची खालची कडा.

जियानची माती लोहानं भरलेली असते. उघडं बूड गडद दिसतं, करडं-काळं किंवा जांभळट तपकिरी, आणि रवाळ लागतं. हा रंग आतपर्यंत असतो. कुठं टवका उडाला असेल तर भिंगातून तिथं नक्की बघा. वर गडद आणि आत पांढरट माती दिसली तर बुडाला रंग फासलेला आहे. तसं असेल म्हणून भांडं लगेच खोटं ठरत नाही. जुन्या काळातही दुसरीकडच्या काही भट्ट्यांनी जियानसारखं दिसावं म्हणून बुडाला गडद लेप दिला. पण ते जियान नव्हे, एवढं नक्की.

बुडाची कडा चाकूनं कापलेली असते. खोली कमी, कापणी जलद, थोडी वेडीवाकडी. दिवसाला ढीगभर वाडगे घडवणाऱ्या कारागिराचा हात त्यात दिसतो आणि मला जियान वाडग्यात हाच भाग सगळ्यांत आवडतो. काही बुडांवर अक्षरं कोरलेली किंवा उमटवलेली असतात. त्यांचा अर्थ ‘राजासाठी’ किंवा ‘सादर केलेला वाडगा’ असा. ती दरबारात गेलेल्या मालाची खूण. त्यामुळेच आज बनावट अक्षरं फार बघायला मिळतात. ओल्या मातीत उमटवलेल्या अक्षराची कड भाजल्यावर मऊ, गोलसर राहते. भाजलेल्या बुडावर नंतर कोरलेलं अक्षर धारदार असतं आणि आत ताजी, फिकी माती दिसते.

आता झिलईची कडा. वाडगा बाहेरून पूर्ण झिलईत बुडवलेला नसतो. बुडाच्या वर बोटभर जागा कोरडी सोडतात, कारण भट्टीत झिलई वितळून खाली ओघळते. ती बुडापर्यंत पोहोचली तर वाडगा खालच्या मातीला चिकटून वाया जाईल. म्हणून चांगल्या वाडग्याच्या खालच्या बाजूला झिलईची जाड वळकटी दिसते, मधासारखी ओघळत येऊन थांबलेली. कधी एखादा टपोरा थेंबच गोठलेला असतो. हा थेंब दोष नाही.

जी झिलई खाली ओघळली ती वरून कमी झाली. म्हणून काठाशी ती पातळ असते, तपकिरी दिसते, ओठाला किंचित खरखरीत लागते. पुष्कळ जुन्या वाडग्यांच्या काठावर चांदीची, सोन्याची किंवा तांब्याची पट्टी बसवलेली दिसते ती त्यामुळेच. काठाच्या खाली बोटाला एक खोलगट वळण लागतं. सगळ्याच वाडग्यांना नसतं, पण घुसळण्याच्या नेहमीच्या आकाराला असतं. वाडगा बोटांत घट्ट बसतो आणि घुसळताना चहा काठाबाहेर उडत नाही. आणखी एक आकार पसरट, गवती टोपी उलटी ठेवल्यासारखा. तो सुंदर दिसतो, पण सरावासाठी पहिला वाडगा घ्यायचा तर वळणाचाच घ्या.

शेवटी वाजवा. माठ घेताना आपण बोटानं टिचकी मारून बघतोच, तसंच. वाडगा तळहातावर मोकळा ठेवून नखानं काठाखाली हलकी टिचकी द्या. धड वाडगा धातूसारखा, थोडा जड आवाज देतो. तडा गेलेला किंवा जोडलेला असेल तर आवाज बद्द येतो. धातूच्या पट्टीचा वाडगा वाजवू नका, आवाजावरून काही कळत नाही आणि पट्टी सैल होऊ शकते.

आता नक्षी

नक्षी कुंचल्यानं काढलेली नाही, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा फार आनंद होतो. झिलईत राख, चुनखडी आणि भरपूर लोहयुक्त माती. भट्टी १३०० अंशांच्या आसपास गेली की वितळलेल्या झिलईत लोहापासून ऑक्सिजनचे बुडबुडे सुटतात. ते वर येताना लोह सोबत आणतात, पृष्ठभागावर फुटतात आणि तिथं लोहाचा ठिपका राहतो. निवताना तो ठिपका स्फटिक बनतो. झिलई दाट असेल, फारशी वाहिली नाही, तर ठिपका ठिपकाच राहतो: याला तेलठिपका म्हणतात, पाण्यावर तेलाचे थेंब पसरावेत तसा. झिलई उतारावरून वाहिली तर ठिपके ओढले जातात आणि सशाच्या केसांच्या रेषा तयार होतात. म्हणजे ठिपका आणि रेष ही एकाच गोष्टीची दोन रूपं. थोडी आच जास्त, थोडा वेळ जास्त आणि रूप बदललं. कच्च्या आचेत झिलई मंद राहते, जास्त आचेत सगळी खाली उतरते.

एवढं समजलं की रेषा कशा तपासायच्या ते आपोआप सुचतं. खऱ्या केसरेषा काठाशी सुरू होऊन खालच्या दिशेला जातात आणि झिलई जशी जाड होते तशा काळ्यात विरतात. आतल्या तळाशी झिलई साचून तळं झालेलं असतं, तिथं काळा सर्वांत खोल दिसतो. काठापासून तळापर्यंत एकसारख्या जाडीच्या, एकसारख्या अंतरावरच्या रेषा दिसल्या तर मी थांबतो आणि पुन्हा बघतो. वाहत्या वस्तूची रेष इतकी शिस्तीत नसते. २०१४ साली संशोधकांनी जियानच्या तुकड्यांवरच्या या रेषांमध्ये लोहाच्या ऑक्साइडचं एक दुर्मीळ रूप सापडल्याचं प्रसिद्ध केलं. आजच्या प्रयोगशाळांना ते शुद्ध आणि मोठ्या स्फटिकांत बनवणं अवघड जातं.

तिसरा प्रकार योहेन. हे जपानी नाव. काळ्यावर ठिपक्यांचे पुंजके आणि भोवती निळी, इंद्रधनुषी वलयं, वाडगा फिरवला की बदलणारी. असे पूर्ण वाडगे जगात तीनच सर्वमान्य आहेत आणि तिन्ही जपानमध्ये: टोकियोच्या सेइकादो संग्रहात, ओसाकाच्या फुजिता संग्रहालयात आणि क्योटोच्या दाइतोकुजी मंदिरसमूहातल्या र्योकोइन मठात. तिन्ही राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलेले आहेत. २००९ मध्ये चीनच्या हांगझोऊ शहरात एक फुटका योहेन वाडगा सापडला, म्हणजे चीनमध्येही हे वाडगे वापरात होते. तेव्हा कुणी तुम्हाला ‘सोंग काळातला योहेन’ विकायला काढला तर पुढं बोलण्याची गरज नाही.

सगळे काळे वाडगे जियानचे नसतात

चियांग्शी प्रांतातल्या जीझोऊच्या भट्ट्यांची माती फिकी, पिवळट. तिथल्या कारागिरांनी काळ्या झिलईवर फिक्या झिलईचे शिंतोडे उडवून कासवाच्या पाठीसारखे डाग आणले. कागदाच्या कातरकामाचा आधार घेऊन फुलं आणि पक्षी उमटवले. झिलईवर झाडाचं खरं पान ठेवून वाडगा भाजला की पान जळून जातं, पण त्याच्या शिरा फिक्या रंगात उमटून राहतात. पानाचा वाडगा चहानं भरला की ते पान पाण्याखाली पडल्यासारखं दिसतं. जियानवर माझं मन जास्त आहे, तरी एकच वाडगा आयुष्यभर बघायचा झाला तर मी जीझोऊचा पानाचा मागेन.

उत्तर चीनमध्ये, हनान, हबेई आणि शान्शी भागांतही काळी झिलई होती. तिथल्या वाडग्यांची माती फिकी असते आणि अंग बहुधा पातळ.

या सगळ्यांना बोलताना सरसकट ‘तेनमोकु’ म्हणतात. चेजियांगमधल्या त्येनमू पर्वतावरच्या मठांत शिकायला गेलेल्या जपानी भिक्षूंनी हे वाडगे परत नेले, म्हणून पर्वताच्या नावाचा जपानी उच्चार भांड्याला चिकटला, अशी परंपरा सांगतात. आज कुंभारकामात तेनमोकु म्हणजे लोहाची कोणतीही गडद झिलई. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत हा शब्द ऐकलात तर चिनी वाडगाच असेल असं समजू नका.

डोळा कुठं तयार करायचा

विकत घेण्याआधी खरे वाडगे बघा, निदान काचेपलीकडून. परदेशातल्या मराठी वाचकांना हे सोपं आहे: न्यूयॉर्कचं मेट्रोपोलिटन, वॉशिंग्टनची फ्रिअर गॅलरी, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला पर्सिव्हल डेव्हिड संग्रह. जपानला जाणार असाल तर ओसाकाच्या प्राच्य मृत्पात्र संग्रहालयात तेलठिपक्याचा राष्ट्रीय ठेवा आहे, सोन्याच्या काठाचा. वाडगा मांडलेला आहे की नाही, हे निघण्यापूर्वी तपासा. अशा वस्तू वर्षभर बाहेर नसतात. काचेसमोर गुडघे वाकवून खाली बसा आणि वाडग्याची बाहेरची बाजू बघा. वरून सगळेच बघतात.

विकत घेताना

जुना वाडगा नवख्यानं घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तेलठिपक्याचा एक जियान वाडगा १.१७ कोटी डॉलरला गेला. अशी किंमत असली की नकलाही येतात. भट्ट्यांच्या ढिगाऱ्यांत फेकलेले खरे पण वाकडे, चिकटलेले, फुटके वाडगे असतात. त्यांचा काठ घासून सरळ करतात, उडालेल्या जागा राळेनं भरतात आणि काळा रंग देतात. अशी दुरुस्ती अतिनील टॉर्चखाली बहुतेक वेळा वेगळी चमकते. पण खरी अडचण वेगळी आहे. शुईजीची स्थळं संरक्षित आहेत, तिथलं चोरून केलेलं खोदकाम हा गुन्हा आहे आणि चीनमधून पुरातन वस्तू बाहेर नेण्यावर कडक निर्बंध आहेत. कागदपत्रांशिवायचा स्वस्त जुना वाडगा म्हणजे बहुधा एक तर खोटा, नाहीतर चोरीचा.

नवे वाडगे मात्र आनंदानं घ्या. चौदाव्या शतकात मिंग सम्राटानं दरबाराला येणाऱ्या वड्या बंद करून सुटी पानं मागवायला सुरुवात केली. घुसळण्याचा चहा मागं पडला आणि काळा वाडगाही. पुढं कित्येक शतकं हे कसब हरवलं होतं. विसाव्या शतकाच्या अखेरीस च्येनयांगच्या कारागिरांनी केसरेषेची झिलई पुन्हा जुळवली. आज तिथं घरोघरी भट्ट्या आहेत, बहुतेक विजेच्या. काही जण अजूनही लाकडावर भाजतात. लाकडाचा वाडगा महाग असतो, कारण बरेच बिघडतात. विजेच्या भट्टीतला वाडगाही खरा जियानझान असू शकतो, त्यात कमीपणा नाही.

विक्रेत्याला विचारा: माती कुठली, वाडगा एकदाच भाजला की रंगासाठी परत कमी आचेवर भाजला, आणि बुडाचा फोटो मिळेल का. बुडाचा फोटो द्यायला का-कू करणाऱ्याकडून घेऊ नका. भडक सोनेरी, जांभळी, आरशासारखी चमक दिसली तर तो वाडगा शोभेसाठी ठेवा. आतली चमक वरून चढवलेली असेल तर त्यातून पिऊ नका.

आणि एक सोपी वाट. भारतात पुद्दुचेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली, तिथं कितीतरी जण स्टोनवेअर शिकले. आपल्याकडच्या अनेक स्टुडिओत आता तेनमोकु झिलईचे वाडगे बनतात. पहिला वाडगा जवळच्या कुंभाराकडून घ्या. तो कसा भाजला हे त्याच्या तोंडून ऐकायला मिळेल. दहा लेख वाचून जे कळत नाही ते अर्ध्या तासात कळतं.

वापरायला काढा

नवा वाडगा कोमट पाण्यात काही वेळ बुडवून ठेवा, मऊ फडक्यानं पुसा, एवढं पुरे. कुणी चहापत्तीत तासन्तास उकळायला सांगतात, त्याची गरज नाही.

चहा करताना गार वाडग्यात उकळतं पाणी ओतू नका, अचानक ताप बसून तडा जाऊ शकतो. आधी कोमट, मग गरम पाणी घालून वाडगा पूर्ण तापू द्या. तळाला हात लावल्यावर ऊब जाणवली की पाणी टाका आणि पुसा. बांबूची रवी तोवर गरम पाण्यात भिजत ठेवा. हल्ली मिळणारी माचा, म्हणजे हिरव्या चहाची बारीक दळलेली जपानी पूड, दोन ग्रॅम, सपाट चहाचा चमचाभर, वाडग्यात चाळून घ्या. चमचाभर गरम पाणी घालून खला, एकही गुठळी राहू देऊ नका. मग वाडगा साधारण चार दशांश भरेल इतकं पाणी दोन-तीन वेळा थोडं थोडं घाला. हे माप त्साई श्यांगचं आहे. पाणी उकळून दोन-तीन मिनिटं थांबलेलं असावं. रवी तळावर घासायची नाही, पाण्यात वरच्यावर मनगटानं झपाझप चालवायची. माचाचा फेस सोंग चहासारखा पांढरा येणार नाही, फिका पोपटी येईल. तरी तोच चहा एका वेळी काळ्या वाडग्यात आणि एका वेळी पांढऱ्या कपात घुसळून बघा. फेस कुठं तुटतो, पाण्याची रेघ कधी दिसते, हे काळ्यात लगेच कळतं.

आपला दुधाचा चहा यात प्यायला हरकत नाही. पण काठाशी झिलई पातळ असते, तिथं दुधाचा वास राहू शकतो. मी त्यासाठी दुसरा वाडगा ठेवतो.

धुताना तारेची घासणी नको, मायक्रोवेव्ह नको. उघडं बूड ओल धरतं, म्हणून वाडगा फडक्यावर पालथा ठेवा म्हणजे बूड वर राहून सुकेल. ते बूड लाकडी टेबलावर आणि काचेवर ओरखडे काढतं, खाली बशी किंवा कापड ठेवा. वाडगे एकात एक रचायचे असतील तर मधे जुन्या सुती साडीचा तुकडा घाला, नाहीतर वरच्याचं बूड खालच्याच्या तळातली झिलई खरवडतं.